भेग कोणी पाडली?

सहा महिने चिंधू घाटाळनं टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. टीबी नव्हताच. गोळ्या देणाऱ्या बोईसरच्या डॉक्टरकडे त्याला तो काम करायचा त्या गारगोटी दळायच्या कारखान्यातल्या ठेकेदार मनीषनं पाठवलं होतं, तेही गाडी देऊन. त्याच्या बायकोला, मंगळीला, तेव्हाच वास आला होता. नवरा खोकतो म्हणून कारखान्याची माणसं गाडी कशाला देतील?

शेवटी तिनं त्याला पालघरला डॉक्टर उन्नती मॅडमकडे नेलं. मॅडमनी छातीचा स्कॅन पाहिला आणि दोघांना कळेल असं सांगितलं. फुप्फुसात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. जखम झाली की त्या धागे विणून ती बुजवतात नि थांबतात. कुडाच्या भिंतीला भेग पडली की आपण लिंपतो, तसं. पण गारगोटीची पूड आत बसली की निघत नाही. जखम रोजची होते आणि त्या लिंपतच राहतात, थरावर थर. फुप्फुस चामड्यासारखं होतं. झालेला वण जात नाही. मात्र हा आजार कारखान्याच्या धुळीचा, असं ठरवायला तिथल्या कामाचा पुरावा लागेल.

चिंधूकडे पुरावा एकच. खोकला.

दोन दिवसांनी मनीष मनोरजवळच्या त्यांच्या पाड्यावर आला. हातात मोसंबी. ठेकेदार मोसंबी आणतो तेव्हा सालीसकट संशय घ्यावा. शिवाय त्याला फायब्रोब्लास्ट हा शब्द पाठ होता. मंगळीनं चिंधूकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली. फोनवर यानंच सगळं ओकलं होतं.

"वहिनी, मॅडमच म्हणाल्या ना, त्याच्याच पेशींनी केलं," मनीष म्हणाला. "त्या काय कंपनीनं आत घातल्या?"

"पेशी लिंपतात, शेठ. भेग कोनी पाडली, ते सांगा."

त्यानं कागद काढला. चिंधू घाटाळनं पूड खात्यात कधीच काम केलेलं नाही, एवढंच त्यावर होतं. सही केली तर गेटवर खुर्ची, बसून काम. विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबणाऱ्या माणसाला खुर्ची म्हणजे राज्यच. मंगळी कागद वाचायला मागेपर्यंत चिंधूनं सही करूनही टाकली.

तिनं बोट फिरवत वाचलं. खाली सही होती: रूपेश वरठा.

पूड खात्यातला कामगार रूपेश नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या चिंधूचा नवा पास काढायचा मनीषनं कंटाळा केला होता. आठ वर्षं चिंधू त्याच्या पासवर आत गेला, पूड खात्याच्या हजेरीच्या मस्टरवर त्याच्याच नावानं सही करत राहिला. कारखान्याचा कागद दिसला आणि हात सवयीनं तिकडेच वळला.

"येड्या, आता तरी स्वतःचं नाव लिही," म्हणत मनीषनं दुसरा कागद काढला. पहिला तोवर मंगळीच्या पोलक्यात गेला होता. त्यानं आधी गोडीनं मागितला, मग दम देऊन. शेवटी म्हणाला, त्याचा काही उपयोग नाही.

"नाय ना? मंग मागता कशाला?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सही पाहिली. मस्टर मागवू, अक्षर जुळवू, म्हणजे तिथला रूपेश चिंधूच होता हे ठरेल, म्हणाल्या, आणि केसपेपरवर लिहायला लागल्या. मंगळीनं कागदावर हात ठेवला.

"इंग्रजीत नको. मराठीत लिवा."

"अगं, मॅडम आपल्या हायत," चिंधू धापा टाकत म्हणाला.

"हायत तर लिवतील." तिनं हात काढला नाही.