फुटलेली नळी

फुटलेल्या रायफली तपासणं हे उत्तराचं रोजचं काम. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर अशी कितीतरी हत्यारं येऊन गेली होती. पण परभणीच्या एका रायफल क्लबातून आलेल्या खोक्यासोबतच्या कागदावर जखमीचं नाव दिसलं आणि तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. वरद. कॉलेजात असताना दोघं रेंजवर शेजारीशेजारी पालथी पडून नेम धरायची. मग ती नोकरीसाठी पुण्याला गेली, तो गावातच नेमबाजी शिकवू लागला. मनातलं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

ओळखीचा माणूस आहे, हे तिनं साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तपास कर, सही मी करीन."

नळी मधोमध उकलली होती, आणि फाटल्या जागेपाशी आतून कड्यासारखा फुगवटा होता. म्हणजे आधीची गोळी नळीतच अडकली आणि तिच्यावर दुसरी झाडली गेली. झाडलेल्या काडतुसांच्या मानानं सोबतच्या टारगेटवर भोकंही कमीच होती. उरलेली काडतुसं तिनं झाडून पाहिली. ओल लागून त्यातली काही फुसकी झाली होती. तरी एक गोष्ट तिला उमगेना. फुसक्या बाराचा वेगळाच, दबका आवाज वरदसारख्या माणसाच्या कानातून सुटला कसा?

विचारायला ती परभणीला आली. दार वरदच्या बायकोनं, योगिनीनं उघडलं. "या ना. तुमच्याबद्दल लय ऐकलंय यांच्याकडून," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

वरदच्या डाव्या हाताला बँडेज होतं. दोन बोटं गेली होती.

"सगळ्या गोळ्या मीच झाडल्या," तो म्हणाला. "आवाज कमी आला, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"टारगेटवरची भोकं तुझ्या हातची नाहीत, वरद. तुझा हात मी ओळखते."

आतला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला.

"अपेक्षा झाडायली होती. माझ्याकडं शिकणारी, ताडकळस गावची पोरगी," वरद म्हणाला. "म्हणली, सर, गोळी लागलीच न्हाई. मी पलीकडून आलो, रायफल घेतली अन् नळी न बघता तशीच झाडली. आता ती स्वतःलाच दोष द्यायलीय, जेवंना झालीय. तिचं नाव कागदावर कशाला?"

"दोष ओलीचा आहे. हे सांगितलंस तिला?"

"माझं ऐकंना. तू सांग."

ताडकळसला जायला योगिनीनंच आपली स्कूटी दिली. उत्तरानं ती चालवली. वरद मागं बसला, उजव्या हातानं मागची दांडी धरून, मध्ये वीतभर अंतर राखून. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाची रानं होती. वाऱ्यात तो काहीतरी बोलला.

"काय म्हणालास?"

"काई न्हाई. खड्डा हाय म्हणलं."

रस्त्यावर खड्डा नव्हता. तरी तिनं वेग कमी केला.

ताडकळसला अपेक्षा अंगणात उभी होती. सरांच्या हाताकडं बघून तिनं मान खाली घातली. "माझ्यामुळं झालं, मॅडम."

"काडतुसातल्या दारूला ओल लागली होती गं. गोळी ढकलायला तिच्यात जोरच नव्हता. तुझ्या जागी कुणीही असतं तरी ती आतच राहिली असती."

"अन् नळी बघायचं काम माझं होतं, तुझं न्हाई," वरद म्हणाला.

तेव्हा कुठं पोरगी हमसून रडली. तिची आई पाणी घेऊन धावली.

पुढं अहवालात ओल लागलेली काडतुसं आली, आणि न तपासता झाडल्याची वरदची चूकही आली. ती लिहाच, असा त्याचाच हट्ट होता. अपेक्षा पुन्हा रेंजवर जाऊ लागली.

पण ताडकळसहून परतून त्या संध्याकाळी उत्तरानं वरदला घरी सोडलं तेव्हा योगिनी फाटकात उभी होती. "जेवूनच जा," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

"गाडी चुकेल," उत्तरा म्हणाली. तिनं स्कूटीची किल्ली योगिनीच्या हातात ठेवली.

स्टेशनवर कळलं, गाडी बरीच उशिरानं धावत होती. रिक्षानं वरदच्या घरी जाऊन, जेवून परत येण्याइतका वेळ होता. उत्तरा फलाटावरच बसून राहिली.