तोरणाखालची सभा

ग्रामपंचायत कशाला हवी, असं बोरटोल्याच्या गोवर्धन सरपंचाला कुणी विचारावं, की झालंच! लोकांचं राज्य, गावाचा कारभार गावाच्या हाती, असं सांगता सांगता गडी कधी सांज करायचा ते ऐकणाऱ्यालाही कळत नसे. पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याला स्वतःला पुरतं ठाऊक होतं. खरं कारण चार पायांचं होतं, आणि तेही दोन.

पोळ्याला गावाच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं जाई आणि त्याखाली साऱ्या गावच्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहत. शेवटी तोरण तोडलं, की पोळा फुटे आणि जोड्या जागच्या हलत. पहिली जोडी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. मालगुजारी गेली, पंचायत आली, आणि मान सरपंचाकडे आला. गोवर्धनचा बाप जन्मभर शेवटच्या रांगेत, शेणात पाय देऊन उभा राहिला. आता त्याच्या पोराची जोडी सगळ्यांत पुढं! त्या दिवशी गोवर्धनची छाती अशी फुगे, की बंडीची बटणं त्याच्या बायकोला, रुख्माला, दरसाल नव्यानं टाचावी लागत.

आणि नेमकं तेव्हाच गोंदिया शहराचं पोट सुटायला लागलं. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते; नवे साहेब, नवे नकाशे. शहराला लागून असलेलं बोरटोला नगरपालिकेत घ्यायचं आणि इथली पंचायत मोडायची, असं ठरत होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला भंडाऱ्याहून साहेब येणार होते.

किराणा दुकानदार मुन्नालाल दुकानाच्या ओट्यावरून रोज सांगे, "अरे भैया, नल आएगा, बत्ती आएगी, नाली साफ होगी. पंचायत म्हंजे काय? एक कंदील, अन् तोबी फुटेला!"

"अन् टॅक्स कोण भरंल? तुहा बाप?" चैतराम ओरडे. चैतरामची जोडी पोळ्यात दुसऱ्या नंबरला असायची.

शेतकरी सगळे गोवर्धनकडे होते. राइस मिलचे हमाल, ज्यांना शेत नाही ते आणि पाणी भरणाऱ्या बाया मुन्नालालकडे. गोवर्धननं मनाशी हिशेब केला, शेतकरी जास्त भरत होते. मग त्याच्या डोक्यात अक्कल शिरली. ही अक्कल अशी, की तिला त्यानं पुढं जन्मभर शिव्या घातल्या.

भंडाऱ्याला जाऊन त्यानं साहेबांना सांगितलं, "साहेब, सभा पोळ्यालेच घ्या. सारा गाव आखरावर राह्यते. अन् आरडाओरडा मोजू नका. मुन्नालालचे हमाल पोते उचलून उचलून गळ्यानं लय मजबूत झाले आहेत. हात वर कराले सांगा. जो हात वर, तोच मोजा."

साहेबांना ही गोष्ट पटली. गोवर्धन घरी येऊन रुख्माला म्हणाला, "पाय आता, कसा उडवतो त्याले!"

पोळा आला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. ढोल घुमत होते, बैल फुरफुरत होते. गोवर्धनची जोडी सगळ्यांत पुढं. साहेब खुर्चीवर बसले. गोवर्धननं जागेवरूनच भाषण ठोकलं. दोन्ही हातांत दोन कासरे होते, म्हणून हातवारे मानेनं केले. पण भाषण फक्कड झालं. "आमचा गाव आमच्या हाती!" तो शेवटी गरजला. शेतकरी "हर हर महादेव" ओरडले, आणि ढोलवाल्यांना वाटलं पोळा फुटला. त्यांनी आणखी जोरात बडवायला घेतलं.

साहेब उभे राहिले. "नगरपालिकेत जायचं ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हमालांचे हात वर. बायांचे हात वर. त्यांत रुख्माचाही हात! गोवर्धननं डोळे वटारले, तशी ती लांबूनच म्हणाली, "पाणी तुमी भरता का?"

"आता ज्यांना मान्य नाही त्यांनी."

एकही हात वर गेला नाही.

कसा जाईल? प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन मुठींत दोन कासरे. ढोलानं बिथरलेला बैल एका हातानं आवरतो का? आणि तोरण तुटायच्या आधी जोडी जागची हलली, तर मागचा पुढं सरकणार, मान गेला!

"साहेब, आमी नाही म्हणून राहिलो!" चैतराम बोंबलला. "हात कसा उचलू? बैल सोडू काय?"

साहेब म्हणाले, "आरडाओरडा मोजायचा नाही, असं तुमच्याच सरपंचांनी सांगितलंय."

सगळ्या गावाच्या नजरा गोवर्धनवर वळल्या. त्याचा एक हात वर गेला असता तर कदाचित बाकीच्यांनीही हिंमत केली असती. त्यानं उजवी मूठ जराशी सैल केली. बैलानं मान झटकली. मागं चैतरामची जोडी टपून उभी होती. गोवर्धननं चटकन मूठ आवळली, आणि खाली बघत राहिला.

"विरोध नाही," साहेब म्हणाले, आणि पाणी प्यायले.

मेल्या, ज्या मानासाठी पंचायत हवी होती, तोच मान धरून बसलास आणि पंचायत सोडलीस! गोवर्धननं घरी जाईस्तोवर स्वतःला असं झोडपलं, की चैतरामच्या शिव्या त्याला पुढं सौम्य वाटल्या.

पुढच्या पोळ्याला बोरटोला शहरात होतं. नळ अजून आला नव्हता. मुन्नालाल नगरपालिकेचा मेंबर झाला होता, म्हणून पहिला मान त्याचा. पण त्याच्याकडं बैल कुठले? तो गोवर्धनच्या दारी आला. "भाऊ, जोडी दे दो. इज्जत का सवाल है."

गोवर्धननं दिली. शिंगंसुद्धा स्वतःच रंगवून दिली, येडा कुठला!

तोरणाखाली त्याचेच बैल सगळ्यांत पुढं उभे राहिले. कासरे मुन्नालालनं साप धरावेत तसे धरले होते. गोवर्धन मागं गर्दीत, रुख्माजवळ उभा होता. कधी हात बंडीच्या खिशात घाली, कधी पाठीमागं बांधी.

"काऊन असे करून राहिले?" रुख्मानं विचारलं.

गोवर्धननं हात पुन्हा खिशात घातले, पुन्हा काढले. मोकळे हात कुठं ठेवायचे, हेच त्याला उमगत नव्हतं.