सराफाच्या काट्यावरची गोळी

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी अनुजा सरनोबतांना सांगितलं होतं, की नैराश्यावरची एवढ्याशा डोसची गोळी एकदम बंद केली तरी चालते. बंद केल्यावर पाचव्या दिवसापासून नजर वळवली की डोक्यात विजेचा झटका बसू लागला. महाविद्यालयात इतिहास शिकवताना त्या फळ्याकडे वळायचं टाळू लागल्या. डॉक्टरांचं निदान तयारच होतं: जुना आजार परतला. गोळी एकदम सोडल्यानेच असे झटके बसतात हे सांगणारे छापील शोधनिबंध बाईंनी टेबलावर ठेवले, तेव्हा डॉक्टरांनी उदार मनाने परवानगी दिली, की गोळी पुन्हा सुरू करून दर महिन्याला दहावा हिस्सा कमी करा. तो हिस्सा काढायचा कसा, हे मात्र त्यांच्या शास्त्राला ठाऊक नव्हतं.

म्हणून थकलेल्या अनुजाबाई गुजरीच्या सराफ बाजारात, लहानपणापासून ओळखीच्या बाबासो पोतदारांच्या सराफी दुकानात येऊन बसल्या. बाबासोंनी महिन्याच्या तीस गोळ्यांतली पहिली सोन्याच्या काट्यावर तोलली आणि बारीक कानशीने घासायला घेतली.

"जुनंच दुखणं असलं तर?" बाईंनी हळूच विचारलं.

"जुन्या दुखण्यात तुमी हितं तास तास गप बसायचा, बाई. आज आल्यापास्नं त्या डॉक्टराला झोडपताय की!"

अनुजाबाईंना हसू आलं. हसताना मान वळली आणि झटका बसला.

"किती म्हयने घासायचं ह्ये?"

"नऊ. दहाव्याला गोळीच नाही."

"मग दर म्हयन्याला या. पन शिव्या नव्या आणा."

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, अगदी सावकाश.