लाख लिंकांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापारी संघाने मांडलेल्या खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या आणि उशिरा आलेले दुकानदार खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते. व्यासपीठावर काळ्या टी-शर्टातला, कानाला माइक अडकवलेला एक माणूस येरझाऱ्या घालत होता. सगळे त्याला लिंकगुरू म्हणत. ही पदवी त्याला त्याच्याच वेबसाइटने दिली होती.

"सर्चमध्ये पहिलं यायचंय?"

"हो!" सभागृह गरजलं.

"मग काय लागतं?"

"लिंका!"

"किती?"

"लाख!"

"दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी प्रत्येक लिंक म्हणजे एक मत," गुरू डोळे मिटून म्हणाला. "मत कुणाचं, कशाबद्दल, कोणी विचारत नाही. नुसती मोजणी होते! आठवड्यात लाख लिंका मी देतो. तुम्ही दुकानात काय करता ते विसरा. अल्गोरिदम जागृत आहे!"

माझ्या शेजारी बसलेले बाबा उभे राहिले. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. काही फिरत असेल तर ते कशाने फिरतं, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"हे लाख जण आहेत कोण?"

"काका, शंका घेतली की रँक पडतो."

हशा पिकला. बाबाही हसले आणि बसले.

घरी चालत येताना म्हणाले, "माइकची पिन सैल होती त्याची. सारखी खरखर. ती काही बंद करता येईना, आणि लोकांचं नशीब उघडायला निघालाय." कोपऱ्यावर वळल्यावर पुन्हा म्हणाले, "मशीन बंद पडल्यावर माणूस काय विचारतो, हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही बघ."

जेवणं झाली. बाबांनी माझ्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून दिला आणि झोपायला गेले. सकाळी ते उठले नाहीत.

दुकान आईने चालू ठेवलं. मशीन उघडायला ती बाबांच्या बरोबरीने शिकली होती, त्यामुळे कामाची अडचण नव्हती. अडचण काकांची होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दुकानातले भागीदार आणि त्या सभेपासून गुरूचे निस्सीम भक्त.

बाबांनी दुकानाच्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं उत्तरं लिहिली होती. सुई का मोडते, खालचा दोरा गुंता का करतो, जाड कापडावर टाके का सुटतात. ती वाचून लोक मशीन घेऊन येत. आमचं बहुतेक गिऱ्हाईक असंच यायचं. गुरूने काकांना फोनवर सांगितलं, की हा मजकूर म्हणजे अडगळ; तो पुसायचा आणि वेबसाइट वर्षभर माझ्या ताब्यात द्यायची. वानगीदाखल त्याने आपलं एक नवं पान वेबसाइटवर जोडलं होतं आणि त्याला लाख लिंका लावल्या होत्या. पुढच्या सभेत तो सगळ्यांसमोर चमत्कार दाखवणार होता आणि काका तिथेच सही करणार होते.

"पुसू द्यायचं?" मी आईला विचारलं.

"दुकान चालायला हवं," उघडलेल्या मशीनवरची नजर न काढता आई म्हणाली. "खरंच गिऱ्हाईक येणार असेल तर पुसा, मी अडवणार नाही. पण ते खरं आहे का, हे तू बघून ये. तुझा काका नुसत्या टाळ्या वाजवून येईल."

या वेळी गर्दी आणखी वाढली होती. गुरूने बाह्या वर सारल्या, लॅपटॉपवर बोटं फिरवली आणि मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'विश्वासाचा टाका सुखाचा धागा शिलाई मशीन सेवा केंद्र'.

एंटर. पहिल्या नंबरवर आमचं दुकान.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बेकरीवाल्या मावशींनी चक्क हात जोडले. काकांनी खिशातून पेन काढलं.

"हेच शब्द का?" मी उभी राहून विचारलं.

"सिद्ध शब्द आहेत, ताई."

"सिद्ध कोणी केले?"

"मी!"

"मग तुमच्याशिवाय ते कोणी लिहीतच नसणार. दुसऱ्या नंबरवर काय आलंय बघा."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. दुसऱ्या नंबरवर होतं, 'जखमेचे टाके कधी काढावेत'.

"शर्यतीत धावणारे आपण एकटेच," मी म्हणाले. "त्यात पहिलं यायला लाख लिंका कशाला हव्यात? मावशी, तुमचं मशीन अडलं तर तुम्ही काय म्हणता?"

"मेलं दोरा तोडतंय, म्हणते!"

"मग तसंच शोधा. तुमच्या फोनवर."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवून टाइप केलं. "तिसऱ्या नंबरवर तुमचं दुकान आहे गं. पण हे तर तुझ्या बाबांनी लिहिलेलं पान!"

"पाहिलंत?" गुरू उसळला. "लिंकांची कृपा!"

"तुमच्या लिंका या पानाकडे येतच नाहीत. सगळ्या तुमच्या त्या सिद्ध शब्दांकडे जातात. आणि येतात कुठून, तेही बघू या."

बेकरीशेजारचा चष्मेवाला पुढच्याच रांगेत होता. त्याने व्यासपीठावर चढून गुरूच्या लॅपटॉपवरची लिंकांची यादी उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "घोड्यांचं टॉनिक... टक्कल घालवा... घरबसल्या जुगार... पुन्हा घोडेच. गुरुजी, घोडे शिवणकाम करतात का हो?"

सभागृह खदखदून हसलं.

"म्हणजे लिंका हे सगळं थोतांड?" त्याने मला विचारलं.

"नाही. लिंक म्हणजे शिफारस. मावशी गिऱ्हाइकाला सांगतात, चष्मा करायचा तर शेजारी जा. ती एक शिफारस तुमच्या कामाची. तुमचं नाव ओसाड भिंतींवर लाख वेळा रंगवलं, तर कोण येईल? बाबांच्या पानाची लिंक शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेने स्वतःहून दिली, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडलं. विकतच्या लिंका सर्चवाले बहुधा मोजतच नाहीत. कधी तर त्यांच्यापायी पान खाली ढकलतात. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला नीट उत्तर द्या. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी आपल्या फोनवर, आपल्या शब्दांत शोधून बघा."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

गुरूने शेवटचा डाव टाकला. "ताई, तुम्ही शिकलेल्या, शंका घेणारच. पण तुमच्या वडिलांना विचारा ना! कालच त्यांचा फोन होता. म्हणाले, गुरुजी, दुकानात गर्दी आवरत नाही!" पडद्यावर बाबांच्या नावाचा अभिप्राय झळकला. पाच तारे.

मावशींनी फोन पालथा ठेवला. त्या सभागृहातले बहुतेक सगळे आमच्या घरी येऊन गेले होते. माहीत नव्हतं ते एकट्या गुरूला. टाळ्या का येत नाहीत, म्हणून तो माइकची पिन चाचपत होता.

भेटायला येणाऱ्यांना, फोन करणाऱ्यांना सांगायचं काम इतके दिवस आईने आणि काकांनी केलं होतं. मी आत चहा करत असायचे. आता काका खाली बघत होते आणि बाकीचे माझ्याकडे.

"फोन त्यांचा नसणार," मी म्हणाले. "माझे बाबा गेले."