वंचित विद्यार्थ्याचे साधन

करमाडच्या अपेक्षाला कुणी गरीब म्हटलेलं खपत नसे, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. घरची जमीन होती, गोठ्यात म्हशी होत्या, वडील बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कंपनीची बस चालवायचे आणि गावात त्यांच्या शब्दाला मान होता. ती शहरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तिचा लॅपटॉप तेवढा स्वस्तातला होता, एवढंच.

तो बद्रीनाथनं शहरातल्या कॅनॉट बाजारातल्या एका दुकानातून आणला होता. "खास विद्यार्थ्यांसाठीच बनवलाय, काका," असं दुकानदार म्हणाला होता. विद्यार्थी म्हणजे ज्याला कसलीच घाई नाही असा माणूस, अशी त्या बनवणाऱ्यांची समजूत असावी. बटण दाबलं की पडदा बराच वेळ काळाच राहायचा, मग कंपनीचं चिन्ह उगवायचं, मग पुन्हा अंधार. ब्राउझरमध्ये तीन पानं उघडली तर ठीक, चौथं उघडलं की बाण जागच्या जागी गोठायचा. जागा संपत आल्याची सूचना तर पाचवीला पुजलेली. झाकण उघडायला जावं तर खालचा भागही सोबत उचलला जायचा, इतका तो पोकळ. अपेक्षा त्याला 'पाटी' म्हणायची.

पण पाटीवर लिहिता येत होतं. मराठी टाइप होत होतं, तक्ते बनत होते, एकदा चार्ज केली की दिवस निघायचा. समाजशास्त्राला याहून जास्त काय लागतं, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्याकडे जास्त होतं ते त्याचं काय करतात, हे मात्र ती रोज बघत होती.

तिच्या वर्गातल्या शिवराजचंच घ्या. वडील सिडकोतले बिल्डर. त्याच्या लॅपटॉपच्या बटणांखालून लाल-निळे दिवे लुकलुकायचे, चार्जर विटेएवढा होता, आणि पंखा असा घरघरायचा की वाचनालयातली माणसं माना वर करून बघायची. त्यावर तो गोळ्या झाडायचा, गाड्या उडवायचा. समाजशास्त्राची एक ओळ त्या यंत्राच्या नशिबी आली नव्हती.

"अपेक्षा, तुझं हे कॅल्क्युलेटर चार्जिंगला लावायचं का सेल टाकायचे?" तो सगळ्यांसमोर विचारायचा.

"तू आधी तुझी जत्रा आवर. वाचनालय हाय हे," अपेक्षा मान वर न करता म्हणायची.

शेजारी बसलेली युसरा तेवढ्यात फिस्सकन हसायची. युसरा खुलताबादची, वडिलांचं तिथं छोटं दुकान. तिच्याकडं लॅपटॉपच नव्हता. काच तडकलेल्या मोबाइलवर ती दोन्ही अंगठ्यांनी निबंधच्या निबंध टाइप करायची आणि अपेक्षाला पाठवायची. अपेक्षा ते पाटीवर नीट लावून द्यायची.

तर या विभागाचे प्रमुख प्राध्यापक काकासाहेब यांनी त्या वर्षी राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं मनावर घेतलं. विषय ठरला 'डिजिटल दरी: आव्हाने आणि संधी'. सरांच्या प्रत्येक चर्चासत्रात आव्हानं आणि संधी असायच्याच, फक्त आधीचा शब्द बदलायचा. सरांनी अपेक्षा, युसरा आणि शिवराज असा तिघांचा गट केला: बजाजनगरातल्या कामगारांची मुलं कशावर अभ्यास करतात याची पाहणी करायची, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून येणाऱ्या, पुण्यात संस्था चालवणाऱ्या नामांकित मॅडमपुढं निबंध वाचायचा. वाचणार अर्थातच सर.

अपेक्षा आणि युसरा उन्हातान्हात बजाजनगरच्या गल्ल्या फिरल्या. कुठं दारातूनच नाही म्हणाले, कुठं पाणी दिलं, कुठं एका मोबाइलवर तीन भावंडं शिकताना दिसली. शिवराज पहिल्या दिवशी आपल्या गाडीतून आला, एका पोराबरोबर सेल्फी काढला आणि "मी डिझाइनचं बघतो" म्हणून गेला. सगळी उत्तरं पाटीत भरली अपेक्षानं. पाटी मध्येच गोठायची, ती दात खाऊन वाट बघायची. तक्ते तिनं केले, निबंध तिनं लिहिला. शिवराजनं शेवटी त्याला निळी चौकट लावली आणि पहिल्या पानावर हातात हात घेतलेल्या माणसांचं चित्र टाकलं. सर म्हणाले, "वा! याला म्हणतात सादरीकरण."

चर्चासत्र जवळ आलं तसं सरांनी अपेक्षाला बोलावून घेतलं.

"तुझा तो लॅपटॉप घेऊन ये त्या दिवशी."

अपेक्षाला वाटलं, उशिरा का होईना, सरांना कळलं म्हणायचं. "निबंध त्याच्यावरून दाखवायचाय, सर?"

"छे छे! पाहुणे येणारेत. निबंध शिवराजच्या मशीनवरून दाखवू. तुझा आपण सभागृहाबाहेर टेबलावर ठेवू. वर एक कार्ड लावू, 'वंचित विद्यार्थ्याचे शैक्षणिक साधन'. मांडणीला जिवंतपणा येतो त्यानं. तू शेजारी उभी राहा. मॅडमनी विचारलं तर अडचणी सांग, मनाला भिडतील अशा. आणि कपडे जरा साधेच घाल." मग तिच्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे तू घालतेस तसेच."

अपेक्षाची कानशिलं तापली. आपण वंचित आहोत हे तिला आत्ताच समजलं होतं, आणि तेही ज्यांना साधा मेल पाठवायला शिपायाला हाक मारावी लागायची अशा माणसाकडून. पण ती एवढंच म्हणाली, "बरं, सर."

युसरानं ऐकलं आणि ती उखडलीच. "बरं काय बरं? सीधा मना कर दे ना! तू काय म्युझियममधली मूर्ती हाय का?"

"नाय म्हणलं तर दुसरी कुणीतरी उभी करतील. तुलाच करतील, मोबाइल हातात देऊन," अपेक्षा म्हणाली. "मी येते म्हणलंय. बघू."

चर्चासत्राच्या सकाळी दारात रांगोळी होती, समई होती, आणि दाराशेजारी पांढऱ्या कापडाचं टेबल होतं. त्यावर पाटी ठेवली होती, पुढं जाड कार्ड. बाहेरगावचे प्राध्यापक येत होते, कार्ड वाचत होते, च्‌च्‌ करत होते. एकानं बोटानं झाकण वरखाली करून बघितलं. एकीनं टेबलाशी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि अपेक्षाला म्हणाली, "तू जरा बाजूला हो ना." एका गृहस्थांनी तर "चालतो का हा?" असं विचारलं. ज्या निबंधासाठी ते एवढ्या लांबून आले होते तो याच यंत्रावर लिहिलाय, हे सांगावं असं अपेक्षाच्या जिभेवर आलं होतं. पण ऐकायला ते थांबले कुठं? चहा आला होता.

शेजारच्या टेबलावर शिवराज आपला दिव्यांचा लॅपटॉप लावून सरांच्या भाषणाची चित्रं जुळवत होता. सभागृहातल्या प्लगमध्ये त्याचा चार्जर बसत नव्हता म्हणून त्याला बाहेर यावं लागलं होतं.

खाली गाडी वाजली. "मॅडम आल्या!" म्हणत सर हार घेऊन जिन्याकडं पळाले. त्यांच्यामागं सगळेच पळाले. शिवराजची मान पडद्यात होती. अपेक्षानं पाटी मिटून पिशवीत टाकली, कार्ड उचललं आणि शिवराजच्या लॅपटॉपसमोर नीट उभं केलं.

"मी पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

"जा," शिवराज मान वर न करता म्हणाला.

ती आणि युसरा खांबाआडून बघत राहिल्या. पुण्याच्या मॅडम आल्या, मागं सर, मागं फोटोग्राफर. मॅडमनी कार्ड वाचलं. समोर बटणं लाल-निळी लुकलुकत होती, पंखा घरघरत होता, आणि हातात महागडं घड्याळ घातलेला गोरागोमटा मुलगा दचकून उभा राहिला होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी शिवराजच्या खांद्यावर हात ठेवला.

"खचू नकोस, बाळा," त्या म्हणाल्या. "परिस्थिती बदलते."

शिवराजनं हात जोडले. "थँक्यू, मॅडम," तो म्हणाला. सर मान हलवत उभे होते. त्यांचं लक्ष फोटोग्राफरकडं होतं. लख्खकन फोटो निघाला.

युसरानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. अपेक्षाला मात्र हसू आलं नाही. तिला वाटलं होतं, कुणीतरी थांबेल, कार्ड बघेल, लॅपटॉप बघेल, निदान ओशाळेल. एवढ्या विद्वानांत एकालाही दिसलं नाही. आत मॅडम तासभर बोलल्या, आपण वंचितांकडं डोळसपणे बघायला शिकलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या शहर पुरवणीत फोटो आला: वंचित विद्यार्थी शिवराज याच्याशी संवाद साधताना मान्यवर. शिवराजच्या घरी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "भाऊ, एवढं वाईट झालं आणि आम्हाला कळवलं नाही?" शिवराजचे वडील तावातावानं कॉलेजात आले आणि सरांच्या खोलीचं दार लागलं तरी आवाज व्हरांड्यात येत राहिला.

ते गेल्यावर सरांनी अपेक्षाला बोलावलं. "हा खोडसाळपणा कुणाचा?"

"माझा, सर."

"विभागाची अब्रू घालवलीस!"

"तुम्ही तर तिथंच उभे होता, सर. तुमच्या ध्यानात आलं का?"

सर कागद चाळू लागले.

महिना गेला आणि पुण्याहून मॅडमच्या संस्थेचं खोकं आलं. त्यात नवा लॅपटॉप होता, होतकरू शिवराजसाठी. साधाच, स्वस्तातला. मॅडमना खरं सांगायचं तर आपणही तिथंच उभे होतो हे सांगावं लागणार, म्हणून सर गप्प बसले. शिवराजनं तर खोक्याला हात लावायलाच नकार दिला. मग सर म्हणाले, "विभागाच्या मालमत्तेत जमा करू," आणि खोकं स्वतःच्या कपाटाकडं सरकवलं.

अपेक्षाला हे शिपायाकडून कळलं. ती युसराला घेऊन थेट आत गेली.

"सर, हे युसराला द्या. तिच्याकडं काहीच नाय."

"असं कसं देता येईल? नावानिशी आलंय. नियम असतात."

"मग मी मॅडमला फोन करून नाव बदलून घेते. नंबर कार्यक्रमपत्रिकेवर छापलाय तुम्ही."

सरांनी तिच्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. "बरं. पण देतानाचा फोटो पाठवावा लागेल."

"फोटोत मी येणार नाय, सर," युसरा शांतपणे म्हणाली. "शिवराजला उभं करा, त्याला सवय हाय. मला लॅपटॉप द्या. अंगठे लई दुखतेत."

सरांनी खोकं तिच्याकडं लोटलं. फोटो शेवटी कुणाचा पाठवला ते कळलं नाही.

खाली कट्ट्यावर युसरानं तो उघडला, बटण दाबलं आणि वाट बघत बसली. "अगं, हे मेलं का काय?"

"नाय. असंच असतं ते," अपेक्षा म्हणाली. "थांब जरा."

परीक्षेच्या आधी चर्चासत्राचं पुस्तक वाचनालयात आलं, गुळगुळीत कागदाचं. निबंधावर दोन नावं होती, सरांचं आणि शिवराजचं. युसरा संतापून उभीच राहिली. अपेक्षानं मात्र सावकाश पानं उलटली आणि तक्त्यांवर बोट फिरवत गेली. उतरवून घेताना त्यांनी दोन रकाने एकमेकांत मिसळले होते. बजाजनगरातल्या एकशे बारा टक्के मुलांकडं स्वतःचा लॅपटॉप असल्याचं छापून आलं होतं.

"सांगू या ना सरांना," युसरा म्हणाली.

"कशाला?" अपेक्षानं पुस्तक जागेवर ठेवलं. "वाचणारंय कोण?"

आणि दोघी आपापला प्रबंध लिहायला बसल्या.