तीनच्या घंटेपर्यंत

चैत्राचे ऊन. अस्थिशुभ्र, निर्वात, निर्दय ऊन. दवाखान्याच्या अंगणातले ऊन, पलीकडच्या प्रार्थनामंदिराच्या कौलांवरचे ऊन, आटलेल्या नदीच्या पांढऱ्या वाळूवरचे ऊन. उत्तम शुक्रवारची, प्रभूच्या क्रूसमरणाच्या दिवसाची दुपार पृथ्वीच्या टाळूला शुष्क जिभेसारखी चिकटून राहिली होती.

वॉर्डात आयाचे काम करणाऱ्या सुवार्ताबाईच्या ओठांना पहाटेपासून पाणी लागले नव्हते. तीनच्या घंटेपर्यंत लागणारही नव्हते. क्रुसावरच्या प्रभूच्या तहानेत तिची एवढीच भागीदारी. अकरा वर्षांची, अखंड.

आणि समोरच्या खाटेवर सर्जेराव. रोगाने कोरून नेलेला कंठ. घोट उतरत नव्हता. ओल्या कापसाने ओठ भिजवायचे, एवढीच दया डॉक्टरांनी शिल्लक ठेवली होती.

"अगं, मंदिरात क्रुसावरचे सात उद्गार सुरू झाले. तू अजून इथंच?" दारातून नर्स रूपवती म्हणाली. "म्हाताऱ्याची सून आहे की बाहेर."

"ती नाकाला पदर लावून उंबऱ्यापर्यंतच येते, सिस्टर."

"मग तू काय, सासरा समजून बसलीस?"

सुवार्ता हसली. हसताना कोरडा ओठ फाटला. रक्ताचा एक ठिपका उमटला.

अकरा वर्षांमागे एक विहीर होती. नीलगर्भ, शीतलगर्भ, दुष्काळातही न आटलेली. तिच्या काठावर सर्जेराव बसले होते. दूर धुळीत, रिकामी कळशी घेऊन, सुवार्ता. घरी सात वर्षांची लेक हन्ना जुलाबांनी सुकत चाललेली, पाणी पाणी करणारी. "तुम्हा लोकांचं सांजंला," सर्जेराव म्हणाले होते. "आधी गावाचं होऊ दे."

सांज झाली. कळशी भरली. त्या पाण्याने सुवार्ताने हन्नाला शेवटची आंघोळ घातली.

तिने कापूस भिजवला. ती वाकली. सर्जेरावांचे डोळे उघडले. त्या राखाडी, विझत्या डोळ्यांत ओळख हळूहळू पेटली.

"गावाबाहेरच्या वाडीतली ना तू?"

"होय, आबा."

"तुझ्या हातचं नको. सुनेला बोलाव."

आणि ओठ मिटले.

किती स्वच्छ, किती निष्पाप सूड तिच्या ओंजळीत आपोआप येऊन पडला होता! काही करायचे नव्हते. बसून राहायचे, किंवा प्रार्थनेला निघून जायचे. त्यांचाच शब्द पाळायचा, बस्स.

ती उठली आणि धावली. अनवाणी, तापल्या फरशीवरून, त्या क्रूर शुभ्रतेतून धावली. आणि धावता धावता तिला आपलीच पावले ऐकू आली. मंद तर नाहीत ना? जराशी, अगदी जराशी, मंद तर नाहीत ना?

कडुनिंबाखाली सून जेवत होती.

"वहिनी, चला. आबांना पाणी हवंय."

"तू आहेस की तिथं."

"माझ्या हातचं घेत नाहीत."

सुनेने भाकरीचा तुकडा मोडला. "मग थांब. हातातला घास तर संपू दे."

सुवार्ता थांबली. पुन्हा धुळीत, पुन्हा दूर, पुन्हा थांबली. मंदिरातून पाचवा उद्गार आला, तहानेचा. भाकरी संपली. मग सुनेने हात धुतले, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. आणि ते पाणी धुळीने चुरचुरत पिऊन घेतले. सुवार्ताच्या मुठीतला कापूस सुकून गेला.

दोघी आल्या तेव्हा सर्जेरावांचे तोंड उघडे होते. भेगाळलेल्या शेतासारखे, रित्या आडासारखे उघडे.

"अगं, ओठ तरी ओले करायचेस!" सून किंचाळली. "एवढंही कळू नये बाईमाणसाला?"

सून हंबरडा फोडत अंगणात धावली, आणि तिच्या आक्रोशावरून तीनची घंटा वाजत गेली. उपास सुटला. तांब्या उशाशीच होता.

सुवार्ताने कापूस भिजवला. त्या ओठांवर टेकवला. ओठ मिटले नाहीत; आता त्यांना कुणाचाच हात वर्ज्य नव्हता.

थेंब ओठावर उभा राहिला. आत उतरला नाही, बाहेर ओघळला नाही. खिडकीतून आलेले ऊन त्याच्यावर वाकले, आणि तहानलेल्या सुवार्ताच्या देखत त्याने तो प्यायला; सावकाश, सावकाश, शेवटपर्यंत.