एमलिनाने भरलेली ओटी

कांचनला सातवा लागला होता. आधीची दोन्ही पोटातच गेली होती. हे तरी सुखरूप हाती लागू दे, एवढाच तिचा देवाजवळ धावा होता. अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये ओटी भरायला आई ना सासू. शेजारणी लांबूनच 'कंग्रॅच्युलेशन्स' म्हणायच्या आणि गाडीत बसून निघून जायच्या. कसलं मेलं ते कोरडं कौतुक!

म्हणूनच, चर्चच्या तळघरातल्या शिवणवर्गात एमलिनाने तिच्या पोटाकडे बघत पिशवीतून सोललेला नारळ काढला, तेव्हा कांचनचे डोळे भरून आले. एमलिना पॅसिफिकमधल्या एका बेटावरची. ती लहान असताना तिथे अमेरिकेच्या अणुचाचणीची राख पडली होती. भरपाईच्या सुनावणीसाठी ती आणि तिची माणसं वॉशिंग्टनला आली होती आणि या चर्चमध्येच उतरली होती.

"माय ट्री," ती म्हणाली. "गव्हर्नमेंट से, नाऊ ओके टू ईट."

कांचनने कोट उघडून पदर पसरला.

ओटीचा नारळ दुसऱ्याला द्यायचा नसतो. गोडात घालून आपणच संपवायचा. तिने नारळीभात केला आणि नवरा घरी येईपर्यंत दोनदा वाढून घेतला. डोहाळ्यांना काय, निमित्तच हवं असतं!

तिचा नवरा श्रीराम अमेरिकन सरकारच्या बाजूचा शास्त्रज्ञ. बेटावरचं अन्न आता निर्धोक आहे हा निर्वाळा त्याचाच, आणि उद्या सुनावणीत तो तेच सांगणार होता. तो हात धुऊन पानावर बसला.

"अरे वा, फ्रेश नारळ? कुठे मिळाला यार?"

कांचनने कौतुकाने सगळं सांगितलं. त्याच्या हातातला घास ताटात पडला.

"तू किती खाल्लास?" तो ओरडलाच.

"दोनदा घेतला. का हो? तुम्हीच तर सेफ आहे म्हणता ना?"

"आहेच सेफ. एका नारळाने काही होत नाही. डोन्ट पॅनिक."

असं म्हणत तो उठला, सिंकखालचे रबरी हातमोजे चढवले आणि पातेलं, ताटं, करवंटी सगळं पिशवीत कोंबलं. ती पिशवी आणखी एका पिशवीत घातली. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं. कांचन बेसिनकडे धावली. तिने घशात बोटं घालून बघितली, पण काही पडलं नाही. भीतीने तिला रडूही येईना.

"उद्या तिथे काय सांगणार?" तिने विचारलं.

"रिपोर्टात आहे तेच. त्याचा याच्याशी काय संबंध, कांचन?"

तिने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"आणि याला काही झालं, तर मी भरपाई कोणाकडे मागू? एमलिनाच्या शेजारी जाऊन बसू? समोरून तुम्हीच उठून सांगाल ना, की हिला काही झालेलंच नाही म्हणून!"

श्रीरामने हातमोजे न काढताच पिशवीला आणखी एक गाठ मारली.